लोडरचा ट्रॅक्टर आणि आखूड वळण



नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेला प्रवासी सौंसर तालुक्यात शिरला, की त्याला लोधीखेडा लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी एके काळी नावाजलेले हे गाव आज पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. हा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झाला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. बोली मात्र घराघरांतून मराठीच राहिली, आणि शेतीही नागपूर-वऱ्हाडच्या धर्तीची राहिली : कापूस, तूर, ज्वारी आणि संत्र्याचे बगीचे.

या बगीच्यांतून आणि गोठ्यांच्या आवारांतून आता ट्रॅक्टरपुढे बसवलेला लोडर दिसू लागला आहे. ज्याला आपण सरसकट बकेट म्हणतो ते लोखंडी सूप पुढे, त्याला उचलणारे दोन बाहू, आणि हे सारे तेलाच्या दाबावर चालणारे. शेणखत ट्रॉलीत भरणे, मुरूम पसरणे, सरकीचे ढीग हलवणे, संत्र्याच्या क्रेटा उचलणे ही कामे तो करतो. सहा मीटरवर सहा मीटर लावलेल्या एक हेक्टर संत्र्यात सुमारे २७७ झाडे बसतात. बहर धरताना झाडामागे ५० किलो शेणखत द्यावयाचे म्हटले, तर जवळजवळ १४ टन खत उकिरड्यावरून उचलावे लागते. पूर्वी हे काम फावडे, घमेले आणि बैलबंडी यांनी होत असे. आज मजूर वेळेवर मिळत नाहीत. तेव्हा लोडर हा काही श्रीमंतीचा थाट राहिलेला नाही.

अडचण येते ती जागेची. आपली आवारे बैलबंडीच्या मापाने आखलेली आहेत. गोठा, वैरणीचा ढीग, विहीर आणि कडुनिंब यांच्या मधोमध जी मोकळी जागा उरते, तेवढ्यात बंडी वळत असे. ट्रॅक्टर तिथे वळत नाही. बकेट लावलेला ट्रॅक्टर तर मुळीच वळत नाही. मग विक्रेता सांगतो, “भाऊ, हा नवा ॲक्सल पाहा. चाक पार आडवे होते. जागच्या जागी फिरतो.” मोकळ्या पटांगणात तो ट्रॅक्टर फिरवूनही दाखवतो. पाहणाऱ्याचे मन भरते. तथापि जे वळण पटांगणात मोकळ्या ट्रॅक्टरने घेतले, ते भरलेल्या बकेटनिशी आपल्या आवारात मिळेल काय, हा प्रश्न त्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वळणे म्हणजे काय ते पाहू. बंडी आवारात वळवताना बैल काय करतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आतला बैल जवळजवळ जागच्या जागी पाय मांडतो आणि बाहेरचा फेर घेतो. ट्रॅक्टरचा चालक आतल्या चाकाचा ब्रेक दाबतो तेव्हा हेच घडते. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक दिलेले असतात ते याचसाठी. रस्त्यावर मात्र कडी लावून ती पेडले एकत्र जोडावीत, असे प्रत्येक चालकाला शिकवलेले असते. तो किती चालक पाळतात, हा भाग निराळा.

बंडीला दोनच चाके, म्हणून तिचे काम सोपे. चारचाकी बग्गीचे तसे नव्हते. बग्गीचा पुढचा आस मधोमध एका खिळ्यावर सबंध फिरत असे. ती आखूड जागेत सुरेख वळे. पण आस फार फिरला, की बाहेरचे चाक पुढे आणि आतले चाक मागे जाऊन पुढचा पाया अरुंद होई, आणि बग्गी कलंडे. या संकटावर म्युनिकच्या लँकेन्श्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिराने १८१७ साली तोड काढली : आस स्थिर ठेवावा आणि दोन्ही टोकांना चाके आपापल्या खुंट्यावर वळवावीत, आतले चाक जास्त वळावे, बाहेरचे कमी. लंडनमध्ये अ‍ॅकरमन या त्याच्या प्रतिनिधीने १८१८ साली त्याचे पेटंट घेतले आणि नाव त्या प्रतिनिधीचेच राहिले. आज मोटार असो वा ट्रॅक्टर, पुढची चाके याच तत्त्वावर वळतात. म्हणजे हे तत्त्व जन्माला आले तेच मुळी वळण आणि तोल यांच्या भांडणातून. हे भांडण अजून मिटलेले नाही, आणि लोडर लावला की ते पुन्हा उफाळून येते.

साध्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके केवळ भार वाहतात आणि दिशा देतात. त्यांच्यापर्यंत इंजिनाची शक्ती न्यावयाची नसल्यामुळे ती पुष्कळ वळू शकतात. पुढच्या चाकांनाही शक्ती दिली, म्हणजे ज्याला आपण फोर व्हील ड्राइव्ह म्हणतो ते केले, की प्रत्येक चाकाशी एक सांधा आला. सांध्यातून शक्तीही जायची आणि चाकही वळायचे. साधा सांधा फार वाकवला, की तो धक्के खाऊ लागतो आणि लवकर झिजतो. त्यामुळे असे ट्रॅक्टर चिखलात ओढायला बळकट, पण वळायला बोजड ठरले. कमी जागेत वळणारे जे आस पुढे निघाले, ते या बोजडपणावरचे उपाय आहेत.

हे उपाय मुख्यतः चार प्रकारचे. पहिल्यात सांध्याऐवजी तिरप्या दातांची चक्रे बंद पेटीत बसवतात. शक्ती उभ्या दांड्यातून खाली उतरते आणि चाक त्या दांड्याभोवती हवे तेवढे फिरू शकते. लहान जपानी ट्रॅक्टरांत ही रीत रुळलेली आहे. दुसऱ्यात चाकाचा खुंटा जाणूनबुजून तिरका बसवतात, म्हणजे वळताना चाक कलते आणि त्याचा वरचा भाग ट्रॅक्टरच्या अंगावर न घासता पुढे सरकतो. जॉन डिअर कंपनीने असा आस १९८०च्या दशकात प्रचारात आणला. तिसरा उपाय न्यू हॉलंडच्या सुपरस्टिअर आसाचा. त्यात चाके तर वळतातच, शिवाय आसही त्यांच्याबरोबर थोडा फिरतो. दोन्ही मिळून ६५ अंशांपर्यंत वळण होते आणि फळबागांसाठी केलेल्या अरुंद नमुन्यांत ७६ अंशांपर्यंत. बग्गीचा फिरता आस पावणेदोनशे वर्षांनी अशा रीतीने मागल्या दाराने परत आला, हे पाहून त्या म्युनिकच्या कारागिराला काय वाटले असते कोण जाणे.

चौथा उपाय चाकाच्या कोनाचा नसून वेगाचा आहे, आणि तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात व मागची लहान वर्तुळावरून. चाके ४० अंश वळली असता पुढच्या चाकांना मागच्यांच्या सुमारे १.३ पट अंतर काटावे लागते. ५५ अंशांवर पावणेदोन पट. आणि ६० अंशांवर बरोबर दुप्पट. परंतु साध्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा अगदी थोडीच पुढे धावतात. मग वळणावर ती फरफटतात आणि ट्रॅक्टरला सरळ ढकलू पाहतात. कडक जमिनीवर वळताना पुढची शक्ती काढून घ्या, असे सांगतात ते याच कारणाने. कुबोटा कंपनीने यावर युक्ती केली : चाके ठरावीक कोनापलीकडे वळली, की पुढच्या चाकांचा वेग आपोआप जवळजवळ दुप्पट व्हावा. मग पुढचा भाग अक्षरशः ओढला जातो आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ओल्या, भुसभुशीत जमिनीत हा मोठा फायदा आहे. वेगात किंवा भरल्या बकेटनिशी मात्र हीच गर्रकन फिरण्याची सवय घात करते. अशा वेळी ती कळ बंद ठेवलेली बरी.

हे आस कोणाला उपयोगी पडतात हे पाहावयाचे, तर नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत जावे. तिथे दोन ओळींतील अंतर तीन मीटरच्या आसपास असते. एका ओळीतून निघून शेजारच्या ओळीत शिरावयाचे, तर ट्रॅक्टरला आपल्या जागेपासून तीन मीटर बाजूला सरकले पाहिजे. दोन आसांतील अंतर १.८ मीटर असलेला लहान ट्रॅक्टर ४० अंशांच्या वळणाने एका दमात ४.३ मीटर सरकतो. म्हणजे तो शेजारची ओळ सोडून पुढे जातो, किंवा त्याला मागेपुढे करीत बसावे लागते. तोच ५५ अंश वळला, तर अडीच मीटरांत वळू शकतो. येथे आखूड वळणाने रोजचा वेळ आणि डिझेल वाचते, याबद्दल वाद नाही. आपल्या संत्र्याचे अंतर सहा मीटर आहे. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने सुचवलेली सहा बाय तीन मीटरची दाट लागवड केली, तरी ट्रॅक्टरची वाट सहा मीटरचीच राहते. तेथे साधा आसही बिनातक्रार वळतो, आणि कमी पडल्यास आतला ब्रेक आहेच. द्राक्षवाल्यांची गरज आपण संत्रावाल्यांनी डोळे मिटून आपलीशी करण्याचे कारण नाही.

आता लोडरकडे वळू. वरच्याच ट्रॅक्टरपुढे दीड मीटर रुंदीची बकेट लावली, आणि तिची धार पुढच्या आसापुढे १.८ मीटरवर आली असे समजा. चाकांचा कोन ४० अंशांवरून ५५ अंशांवर नेला, की पुढच्या चाकांच्या वर्तुळाचा व्यास ५.६ मीटरवरून ४.४ मीटरवर येतो. एक पंचमांशाहून अधिक बचत झाली. छापील पत्रकात ही बचत ठळक अक्षरांत असते. पण भिंतीला, खांबाला किंवा झाडाला आधी लागते ती बकेटची बाहेरची कड. तिच्या वर्तुळाचा व्यास किती भरतो? ४० अंशांवर ९.२ मीटर आणि ५५ अंशांवर ८.२ मीटर. म्हणजे बचत केवळ एक नवमांश. कारण उघड आहे : बकेट मागच्या आसापासून ३.६ मीटर पुढे आहे, आणि ते अंतर चाक कितीही वळवले तरी कमी होत नाही. आखूड वळणाचा निम्मा लाभ बकेटनेच खाल्ला.

एवढ्यावर हे थांबत नाही. वळण जितके आखूड, तितकी बकेट ट्रॅक्टरच्या वाटेच्या अधिक बाहेर जाते. नव्या रांगेत शिरताना, ट्रॅक्टर ज्या मध्यरेषेवर येणार आहे तिच्यापासून बकेटची कड ४० अंशांवर अडीच मीटर बाहेर जाते. ५५ अंशांवर ती २.९ मीटर जाते. सहा मीटरच्या रांगेत खोडांची ओळ मध्यरेषेपासून तीन मीटरवर असते. चालक आतल्या बाजूला पाहत असतो, कारण वळण तिकडे आहे. बाहेरच्या बाजूला काय चालले आहे ते त्याला फांदी मोडल्यावर कळते. फांदी मोडली तर फुटेल. खोडाची साल निघाली तर गोष्ट वेगळी. आपल्या बगीच्यांतून डिंक्याचा रोग किती झाडे घेऊन जातो हे सांगावयास नको. ओल्या दिवसांत या रोगाच्या बुरशीला उघडी जखम म्हणजे आयतेच दार. पाच-सहा वर्षे पोसल्यावर कुठे फळाला लागलेले झाड एका निष्काळजी वळणाने गेले, तर त्याची भरपाई कोणत्याही आसाने होत नाही. जखम झालीच, तर सैल साल धारदार चाकूने नीट कापून काढून तिच्यावर बोर्डोमलम लावण्यास त्याच दिवशी विसरू नये.

आता भाराचा विचार करू. आपल्या ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो धरू. मोकळा उभा असताना त्याचे ८०० किलो पुढच्या आसावर आणि १,२०० किलो मागच्या आसावर येतात. त्यावर ४०० किलोचा लोडर चढवला आणि बकेटमध्ये ५०० किलो ओले शेणखत भरले. पुढच्या आसावर आता किती भार आला? सहज बुद्धीने माणूस म्हणेल, आठशे, चारशे आणि पाचशे मिळून सतराशे. तसे नाही. भार आसाच्या पुढे टांगलेला असल्यामुळे तो पुढच्या आसाला टेकू धरून मागचा भाग उचलतो, आणि मागचे वजनही पुढे येते. लोडरचा भार आसापुढे साठ सेंटिमीटरवर व खताचा १.३ मीटरवर धरून हिशेब केला, तर पुढच्या आसावर सुमारे २,२०० किलो येतात आणि मागे जेमतेम ७०० उरतात. पुढच्या आसावरचा भार पावणेतीन पट झाला.

या एका आकड्यात लोडरची सारी दुखणी आहेत. ज्या आसाला आपण पार आडवे वळावयास सांगतो, त्याच आसाच्या माथी हे ओझे आहे. चाक सरळ असते तेव्हा भार खुंट्यावर आणि बेअरिंगवर बहुतेक सरळ उतरतो. चाक पन्नास-पंचावन्न अंश वळलेले असताना आणि ट्रॅक्टर पुढे सरकत असताना त्याच खुंट्याला आडवा पिळा बसतो. उभ्या ट्रॅक्टरवर, बकेट भरलेली असताना, पॉवर स्टिअरिंग फिरवणे तर निव्वळ छळ आहे. यंत्र तक्रार करीत नाही आणि चक्राला हातही जड लागत नाही, म्हणून तो छळ चालकाला जाणवत नाही. तो दिसतो पुढे बुश सैल झाल्यावर, दांड्या वाकल्यावर आणि सिलातून तेल गळू लागल्यावर. साधा नियम असा, की चाके ट्रॅक्टर थोडा सरकता ठेवूनच वळवावीत. लोडर असताना पुढच्या टायरांत हवा किती हवी हे पुस्तिकेत दिलेले असते. मऊ टायर आखूड वळणावर रिमवरून सरकू पाहतो.

मागे ७०० किलोच उरले, याचाही अर्थ नीट घ्यावा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागची चाके हलकी झाली, की उतारावर ब्रेक दाबूनही ती घसरतात. आतला ब्रेक दाबून वळण घेण्याची जुनी युक्तीदेखील भरलेल्या बकेटनिशी फसते. चाक थांबते, पण जमिनीवर पकड नसल्याने ट्रॅक्टर सरळच जातो. मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर लोडरच्या कामात ढिगाशी नुसता चाके फिरवीत राहतो, तो यामुळेच. अशा कामाला पुढच्या चाकांची शक्ती खरोखर हवी. वळणापेक्षा ती अधिक हवी.

तोलाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसतो. वस्तुतः तो तीन बिंदूंवर उभा असतो. मागची दोन चाके आणि पुढच्या आसाचा मधला खिळा, ज्यावर आस खालीवर झुलतो. हा एक त्रिकोण झाला. मागे रुंद, पुढे टोकदार. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जोवर या त्रिकोणावर आहे तोवर तो उभा आहे. मागच्या चाकांत १.२ मीटर अंतर असेल, तर मोकळ्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ज्या जागी असतो तिथे त्रिकोणाच्या कडेपर्यंत प्रत्येक बाजूला सुमारे ३६ सेंटिमीटर जागा असते. भरलेल्या बकेटने गुरुत्वमध्य टोकाकडे ढकलला, की ती जागा १५ सेंटिमीटरवर येते. एका वितीपेक्षाही कमी! बकेट वर उचललेली असेल, तर गुरुत्वमध्य उंचही जातो. अशा स्थितीत एका बाजूचे मागचे चाक खड्ड्यात गेले आणि चालकाने त्याच क्षणी आखूड वळण घेतले, तर ट्रॅक्टर कोणत्या बाजूला जाईल हे वेगळे सांगावयास नको. आस झुलून आपल्या अडणीला लागला, की पाया पुन्हा रुंद होतो आणि पुष्कळदा ट्रॅक्टर सावरतो; पण त्या भरवशावर कोणी राहू नये. ज्या आसात खुद्द आसही फिरतो, तिथे बग्गीचा जुना दोष थोड्या प्रमाणात का होईना परत येतो, हे ध्यानात घ्यावे.

यावर उपाय महाग नाही. मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीला मागच्या आसापासून एक मीटरवर ४०० किलोचे वजन टांगावे. काँक्रीट भरलेले पिंप चालते, मात्र त्याची जोडणी पक्की असावी. आपल्या हिशेबात पुढचा भार २,२०० वरून १,९७० किलोवर उतरतो, मागचा ७०० वरून १,३३० वर चढतो, आणि तोलाची जागा १५ वरून २४ सेंटिमीटर होते. कित्येक जण लोडरसाठी लाखो रुपये खर्च करतात आणि पिंपभर काँक्रीटचा कंटाळा करतात. तसेच, मागे वजन टांगले म्हणजे मागची लांबी वाढली. आवारात वळताना ते पिंप भिंतीला लागेल, हीही जाणीव असावी. या विषयात एक गोष्ट मिळवली, की दुसरी थोडी द्यावीच लागते.

आणखी एक बाब केवळ बगीच्याची आहे. संत्र्याची अन्न शोषणारी मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या फूटभर थरात असतात. पुढच्या प्रत्येक चाकावर हजारभर किलो भार घेऊन ट्रॅक्टर ओल्या काळ्या जमिनीत आखूड वळला, की टायर माती कुस्करतो आणि तिच्यासह ही मुळेही तोडतो. लांब वळणाच्या दोन चाकोऱ्या दिसतात. आखूड वळणाचा खळगा दिसतो. तेव्हा आळ्याजवळ भरलेली बकेट घेऊन वळण्यापेक्षा धुऱ्याशी वळणासाठी जागा सोडावी. त्यासाठी हेक्टरी एका कडेची सोळा झाडे कमी लावावी लागली, तरी नव्या बगीच्यात हा सौदा मला वाईट वाटत नाही. जुन्या बगीच्यात झाडे काढा असे कोणी सांगणार नाही. तिथे लोडर बगीच्याबाहेर ठेवून ट्रॉलीनेच खत आत न्यावे.

यावरून माझे मत असे झाले आहे, की लोडरच्या कामाला आखूड वळणाची गरज आपण समजतो तितकी नसते. ढिगातून उचलणे, मागे येणे, किंचित वळून ट्रॉलीशी जाणे, ओतणे, पुन्हा मागे येणे, असे हे काम आहे. त्यात पूर्ण वळसा घ्यावाच लागत नाही. दिवसातून शेकडो वेळा लागते ते पुढेमागे होणे, म्हणून गिअर न चाचपता एका दांडीने दिशा बदलणारी शटलची सोय येथे खरी कामाची. ट्रॉली ढिगाशी काटकोनात न लावता थोडी तिरकी लावली, तर वळण आणखी कमी होते. आणि या युक्तीला पैसे पडत नाहीत. वखरणी, फवारणी, गवत कापणे या कामांत मात्र प्रत्येक रांगेच्या शेवटी वळावे लागते. तिथे आखूड वळणाचा आस आपली किंमत वसूल करतो. एकाच ट्रॅक्टरने दोन्ही कामे करावयाची असतील, तर लोडर झटपट काढता-घालता येतो की नाही हे आधी पाहावे, आणि रांगांत जाताना तो काढून ठेवावा.

बंद पेटीतल्या तिरप्या चक्रांचे आस हे वळण आणि बळ यांची बऱ्यापैकी सांगड घालतात, हे मान्य केले पाहिजे. घ्यावयाचाच असेल तर तसा घ्यावा. त्यात चिखल शिरत नाही, भार पेलण्याची ताकद असते. परंतु सील गेले आणि तेल उतरले, की आतली चक्रे फार दिवस टिकत नाहीत. आणि ती बसवणारा मिस्त्री लोधीखेड्यात किंवा सौंसरला आहे, की त्यासाठी ट्रॅक्टर नागपूरला न्यावा लागेल, हे विकत घेण्यापूर्वी विचारून ठेवावे. ऐन हंगामात आठ दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर कितीही आखूड वळत असला तरी काय उपयोगाचा?

विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता माहिती मिळण्याची एक जागा आपल्याच राज्यात आहे. नर्मदेकाठी बुधनी येथे १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टर तपासते. तिच्या अहवालात वळणाचा व्यास ब्रेक लावून किती व न लावता किती, हे दोन्ही आकडे दिलेले असतात. पुढच्या-मागच्या आसांवरील वजनेही असतात. विक्रेता नुसता लहान आकडा सांगतो तो बहुधा ब्रेक लावून मोजलेला असतो. पण ही मोजणी लोडर न लावलेल्या ट्रॅक्टरची आहे. शिवाय लोडर बसवल्यावर टायर त्याच्या चौकटीला घासू नये म्हणून चाकांच्या अडणी पुष्कळदा आत घ्याव्या लागतात, आणि पत्रकात छापलेला कोन उरतच नाही. म्हणून बकेटचे वर्तुळ ज्याचे त्यानेच मोजावे.

त्याची रीत सोपी आहे. कडक, सपाट जागा पाहावी. लोडर बसवलेला ट्रॅक्टर घ्यावा, बकेट रिकामी आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवावी. बकेटच्या बाहेरच्या कडेला चुन्याची फक्की भरलेली पिशवी बांधून तिला बारीक छिद्र पाडावे. चाक पुरते वळवून अगदी हळू एक पूर्ण फेरा घ्यावा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. दोन्ही सारखे येतीलच असे नाही. मग बाहू आडवे होतील इतकी बकेट उचलून पुन्हा फेरा घ्यावा, कारण त्या स्थितीत ती सर्वांत पुढे जाते आणि वर्तुळ सर्वांत मोठे पडते. जमिनीवर उमटलेले वर्तुळ टेपने मोजावे आणि घरी येऊन तोच टेप गोठा आणि विहीर यांच्या मध्ये धरावा.